व्याज, धर्म आणि जोखीम : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

व्याज घेणे धर्माला धरून आहे का, हा प्रश्न जवळपास प्रत्येक धर्मपरंपरेने विचारला. बहुतेकींनी आधी ‘नाही’ म्हटले आणि मग हळूहळू वाट मोकळी करून दिली. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पेढ्यांनी तर हा प्रश्नच जुनाट ठरवला. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात या उलथापालथीची दोन टोके एकाच वर्षी येऊन पोचली. १८५५ साली हिंदुस्थान सरकारने त्या वर्षीचा अठ्ठाविसावा कायदा करून व्याजदरावरची बंधने उठवली, आणि त्याच साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी कल्याणहून पुढे वाशिंदपर्यंत धावू लागली. लोहमार्ग लंडनच्या भांडवलावर, पाच टक्के व्याजाच्या सरकारी हमीवर उभा होता. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या पाड्यांतली माणसे मात्र पावसाळ्यात खावटीचे, म्हणजे पोटापुरते उसने, भात सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट परत करण्याच्या बोलीवर, उचलत. या दोन व्यवहारांत धर्म कुठे आणि अधर्म कुठे, हे नुसत्या दरावरून ठरवता येत नाही. पीक बुडाले, धंदा बुडाला, तर तोटा कोणाच्या अंगावर पडणार, हे आधी पाहावे लागते.

धर्मशास्त्राची भूमिका एकसंध नाही. वसिष्ठ आणि बौधायन यांच्या धर्मसूत्रांत ब्रह्महत्या आणि व्याजबट्टा तराजूत तोलल्याचे सांगितले आहे, आणि व्याजबट्ट्याचे पारडे जड ठरले आहे. वार्धुषिकाचे, म्हणजे व्याजावर जगणाऱ्याचे, अन्न मनुस्मृती निषिद्ध मानते. तीच मनुस्मृती आठव्या अध्यायात दरांचे कोष्टक देते. तारण असेल तर महिन्याला शेकडा सव्वा, नसेल तर ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याला सर्वांत महाग, हा नियम आधुनिक बँकांनी शोधून काढलेला नाही.

कौटिल्याचा विचार जास्त व्यवहारी आहे आणि म्हणूनच जास्त बोलका. महिन्याला सव्वा टक्का हा धर्म्य दर, व्यापाऱ्यांत पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. इथे दर माणसाच्या जातीवर ठरत नाही, वाटेतल्या धोक्यावर ठरतो. धान्याच्या कर्जाबद्दल तो सांगतो की सुगीच्या वेळी वाढ निम्म्यापर्यंतच घ्यावी. म्हणजे शहापूर-मुरबाडमधली दिढी अर्थशास्त्राच्या काळापासून ठाऊक होती, आणि तीही कमाल मर्यादा म्हणून. याच प्रकरणात आणखी दोन नियम आहेत. आजारी, अज्ञान आणि निष्कांचन माणसाचे ऋण वाढू नये. आणि शेतकऱ्याला कामाच्या दिवसांत कर्जापायी धरून नेऊ नये. दिवाणी जप्तीचे समन्स भातलावणीच्या ऐन दिवसांत हाती पडलेल्या कुळाला हा दुसरा नियम कोणी वाचून दाखवला असता, तर तो त्याला क्रांतिकारक वाटला असता.

सर्वांत टिकाऊ ठरला तो दामदुपटीचा नियम. व्याज मुद्दलाइतके झाले की थांबले पाहिजे. १८५५ च्या कायद्यानंतरही मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंना हा नियम लावत राहिली. मात्र त्यात एक भगदाड होते. मनूने रोकडीसाठी दुपटीची सीमा घातली, पण धान्यासाठी पाचपटीपर्यंत मुभा ठेवली. इतर स्मृतींचे आकडे वेगळे असले तरी धान्याच्या कर्जाला सैल दावे, हा कल सगळीकडे दिसतो. ज्याच्या घरात रोकड नव्हती आणि जो धान्यच उसने घेत होता, त्याच्यासाठी शास्त्राचे छप्पर पहिल्यापासून गळके होते.

शास्त्राने ऋणाला मृत्यूपलीकडेही नेले. माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मतो, ही वैदिक कल्पना उदात्त आहे. पण तिच्याच शेजारी बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे हे पवित्र कर्तव्य येऊन बसले, आणि कात्यायनाने तर ऋण न फेडता मेलेला माणूस सावकाराच्या घरी दास, नोकर, स्त्री किंवा पशू होऊन जन्माला येतो असे सांगितले. सावकाराला याहून चांगले तारण कोणते मिळणार? १८६६ साली मुंबई सरकारने कायदा करून वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. पाड्यावर मात्र बापाचा अंगठा मुलाच्या मानेवर राहिला.

व्याजाची दुसरी बाजूही याच परिसरात दगडावर कोरलेली आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल घाटावर जाई तो मुरबाडकडून नाणेघाटाने किंवा शहापूरकडून थळघाटाने. थळघाट चढून गेल्यावर नाशिकची लेणी लागतात. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक, एक हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही. व्याजातून भिक्षूंची चीवरे आणि इतर गरजा भागवायच्या. पाली सुत्तांत ऋण हे दुःख आणि अनृण असणे हे सुख म्हटले आहे. तरीही संघाची वस्त्रे व्याजातून आली, आणि त्यात विसंगती नाही. उषवदाताचे पैसे मागावर फिरत होते, श्रेणीने त्यातून कमवायचे आणि एक वाटा द्यायचा होता. घेणारा दाणापाण्यासाठी अडलेला नव्हता.

युरोपातल्या चर्चने हाच भेद तर्काच्या कसोटीवर घासून पाहिला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मसभेने उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफनही नाकारले. थॉमस अक्वायनस याची मांडणी अशी : कर्ज दिले की पैसा घेणाऱ्याचा होतो, तेव्हा त्याच्या उपयोगाचे वेगळे मोल मागणे अन्याय आहे, पण भागीदारीत पैसा देणाऱ्याचाच राहतो, बुडाला तर त्याचाच बुडतो, म्हणून नफ्यावर त्याचा हक्क आहे. इस्लाममध्येही रिबा निषिद्ध आणि मुदारबा मान्य, कारण मुदारब्यात भांडवलाचा तोटा भांडवलवाला सोसतो. दोन परंपरा वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी आल्या : लाभ हवा तर जोखीम घ्या.

व्यापाऱ्यांना लाभ हवा होता, जोखीम नको होती. म्हणून जर्मनीत तिहेरी करार निघाला. भागीदारी, मुद्दलाचा विमा आणि अनिश्चित नफ्याच्या बदल्यात ठरावीक रक्कम असे तीन करार एकत्र बांधले की हाती सुरक्षित पाच टक्के पडत. फुग्गर पेढीच्या पाठबळावर योहान एक या धर्मपंडिताने १५१५ साली बोलोन्यात या कराराची जाहीर तरफदारी केली. १५८६ मध्ये पोप पाचवा सिक्स्टस याने मुद्दल सुरक्षित ठेवून नफा घेणारे करार निषिद्ध ठरवले. व्यवहार थांबला नाही. १७४५ मध्ये चौदाव्या बेनेडिक्टने जुनी बंदी पुन्हा एकदा उच्चारली, आणि १८३० च्या सुमारास रोमने पाद्र्यांना कळवले की कायदेशीर दराने व्याज घेणाऱ्यांना पापनिवेदनाच्या वेळी सतावू नये. तत्त्व मागे घेतले नाही, प्रश्न विचारणे तेवढे बंद केले.

हे घडत होते त्याच वेळी माइर आम्शेल रोथशील्डचे पाच मुलगे फ्रँकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस इथे पेढ्या चालवत होते. १८३१ च्या बंडाळीने खिळखिळ्या झालेल्या पोपच्या राज्याला त्यांनी कर्ज उभारून दिले, आणि १८३२ च्या जानेवारीत नेपल्सच्या कार्लला पोप सोळाव्या ग्रेगरीने भेट दिली. व्याजाला पाप म्हणणाऱ्या गादीने ज्यू पेढीकडून व्याजाने पैसे घेतले, आणि रोममधले ज्यू तेव्हाही कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहत होते. रोथशील्ड नावाभोवती पुढे द्वेषाचे आणि कटकारस्थानांच्या कल्पनांचे जे जाळे विणले गेले, त्याच्या मुळाशी हीच लबाडी आहे : गरज सगळ्यांची, पाप एका जमातीचे. बेअरिंग घराणे प्रॉटेस्टंट होते, पॅरिसचा लाफित कॅथलिक कुळातला. धंदा सारखाच होता. महाराष्ट्रात ‘मारवाडी’ हे जातिवाचक नाव सावकारीला चिकटवले गेले तेही असेच, गावोगावी ब्राह्मण, वाणी आणि सधन शेतकरी तोच व्यवहार करत असताना.

या पेढ्यांचे खरे कसब जोखीम सरकवण्यात होते. १८१८ साली नेथन रोथशील्डने प्रशियासाठी ५० लाख पौंडांचे कर्ज उभारले. ते पौंडांत होते आणि व्याज लंडनमध्ये द्यायचे होते, त्यामुळे चलनाचा चढउतार प्रशियाच्या माथी गेला. पेढी कर्ज स्वतःजवळ ठेवत नसे. रोखे हजारो लोकांना विकून आपली दलाली घेई. कर्ज देणारा आणि घेणारा एकमेकांची तोंडे पाहणार नाहीत, अशी व्यवस्था झाली. जेरेमी बेंथमने १७८७ मध्येच व्याजाच्या मर्यादा निरर्थक ठरवल्या होत्या : शहाणी माणसे खुशीने करार करत असतील तर सरकारने मध्ये का पडावे? इंग्लंडने १८५४ मध्ये व्याजमर्यादेचे कायदे रद्द केले. पुढच्याच वर्षी तीच सुधारणा हिंदुस्थानात आली, जणू लंडनचा रोखेबाजार आणि मुरबाडचा पाडा यांत खुशीचा अर्थ एकच होता.

रेल्वेचा करार १७ ऑगस्ट १८४९ चा. कंपनीला जमीन फुकट, भांडवलावर पाच टक्के हमी, मुदत ९९ वर्षे. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघायची. लोहमार्ग १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचला आणि थळघाटात सदतिसास एक असा चढ चढून १८६५ च्या १ जानेवारीला इगतपुरीला जाऊन भिडला. त्याच वर्षी मुंबईतला शेअरांचा फुगा फुटून मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. रेल्वेच्या लंडनमधल्या भागधारकाचे पाच टक्के मात्र ठरल्याप्रमाणे जमा झाले. इंग्लंडच्या सरकारी रोख्यांवर त्या काळी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास सुटत. वरचे पावणेदोन टक्के कशाचे? परक्या मुलखातल्या धोक्याचे, असे उत्तर मिळे. पण तो धोका हमीने आधीच काढून टाकला होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे कबूल केले की हमी मिळाल्यावर भांडवलदाराला आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळीत, याने काही फरक पडत नव्हता. पुढे चांदी घसरली, रुपया उतरला आणि पौंडांतली तीच रक्कम भागवायला जास्त रुपये लागू लागले. तो भारही शेतसाऱ्यावर गेला. सिक्स्टसने निषिद्ध केलेला तिहेरी करार, तोच पाच टक्के दर घेऊन, वाशिंदच्या माळावर रुळांच्या रूपाने उतरला होता.

खावटीचे गणित याच्या शेजारी मांडून पाहण्यासारखे आहे. म-ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या आदिवासी जमातींच्या घरातले धान्य होळीनंतर सरत येते. आषाढ-श्रावणात शेतावर काम असते आणि कणगीत काही नसते. समजा, एखाद्याने चार मण भात दिढीने घेतले. चार महिन्यांनी सहा मण द्यायचे. वर्षाच्या हिशेबाने शेकडा दीडशे, लंडनच्या भागधारकाच्या तीसपट. ते फिटले नाही तर पुढच्या सुगीला नऊ मण. दामदुपटीचा नियम धान्यालाही लावला, तर तो चार मणांना आठांवर थांबवतो, पण सहा मणांची नवी चिठ्ठी केली की सहा हेच मुद्दल होते आणि सीमा बारावर जाते. त्यात देताना एक माप आणि घेताना दुसरे, हे वेगळेच.

सावकाराच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो पोकळ नाही. डोंगरातला ऋणको, तारण नाही, पावसाचा भरवसा नाही. म्हणून दर चढा. कौटिल्याचे दहा-वीस टक्के याच न्यायाचे होते. पण समुद्रावरच्या व्यवहारात जहाजाबरोबर धनकोचा पैसाही बुडण्याची शक्यता असते, तिचा तो मोबदला. खावटीत पीक बुडाले तर कर्ज बुडत नसे, पुढल्या वर्षावर चढे. भात नसेल तर जमीन, जमीन नसेल तर अंगमेहनत, ती संपली तर मुलगा. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने आयुष्यभर राबायचे, ही लग्नगड्याची चाल याच साखळीची शेवटची कडी. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तिची हकिगत लिहिली आहे. थोडक्यात, रेल्वेचा भागधारक आणि खावटीचा सावकार या दोघांनीही न घेतलेल्या जोखमीचे दाम घेतले. एकाची रक्कम लहान आणि सभ्य होती, दुसऱ्याची मोठी आणि उघडीवाघडी. नैतिक दोष मात्र एकाच जातीचा आहे.

मराठी परंपरेत या दोषावरचे सर्वांत कठोर उत्तर एका सावकाराच्याच घरातून आले. देहूच्या तुकोबांच्या घराण्यात महाजनकी आणि देवघेव होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. महिपतींच्या चरित्रात सांगितले आहे की त्यानंतर त्यांनी घरातल्या कर्जखतांच्या वाटण्या केल्या, धाकट्या भावाची अर्धी त्याच्याकडे ठेवली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. या कथेत भक्तीइतकाच हिशेबही काटेकोर आहे. त्यांनी दर कमी केला नाही, मुदत वाढवली नाही. दुष्काळाचा तोटा ऋणकोच्या अंगावरून उचलून स्वतःच्या अंगावर घेतला, आणि भावाच्या हक्काला हात लावला नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आणि पुढे नगरकडच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. कागद नाहीसा करणे हे कृत्य वरवर सारखे. पण देहूत तोटा खुशीने घेतला गेला, सुप्यात तो लादला गेला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, हे मात्र सुप्यामुळे झाले.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पेढ्यांच्या इतिहासात एक नाव बहुधा तळटीपेत जाते, आणि शहापूर-मुरबाडपुरते तेच अधिक महत्त्वाचे आहे. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा ऱ्हाइनकाठच्या डोंगराळ भागातला ग्रामप्रमुख. १८४६-४७ च्या दुष्काळात त्याने श्रीमंतांच्या देणग्यांतून भाकरीची सोय केली. शेजारधर्म ही त्याची ख्रिस्ती प्रेरणा होती, पण नुसत्या दानधर्माने काम भागत नाही हे त्याला अनुभवाने कळले. १८६४ मध्ये हेडेसडोर्फ इथे त्याने पतसंस्था उभारली. गाव लहान, माणसे ओळखीची, लाभांश नाही, आणि प्रत्येक सभासदाची जबाबदारी अमर्याद. एकाचे कर्ज बुडाले तर सगळ्यांना भरावे लागणार. जोखीम कागदावर लिहून सर्वांत वाटून घेणारी ही बँक होती, रोथशील्ड पद्धतीच्या नेमकी उलट. मद्रासच्या फ्रेडरिक निकोल्सन यांनी १८९० च्या दशकात हिंदुस्थानसाठी हाच नमुना सुचवला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे तत्त्व त्यात आले. आजच्या गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांचे मूळ तिथे आहे, जरी अमर्याद जबाबदारी वाटेतच गळून पडली.

ठाणे जिल्ह्यात कर्जाची गाठ सुटायला संस्थांइतकीच चळवळही लागली. १९४५ च्या जानेवारीत शेजारच्या टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा जिल्हाभर गेला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर धर्मशास्त्राची दिशाच उलटी केली : माणसाला बांधून ठेवणारे ऋण फेडायचे नसते, ते विझलेले असते. कात्यायनाचा जन्मोजन्मीचा हिशेब एका कलमाने बंद झाला. खावटी सरकारने कर्ज म्हणून दिली, आणि २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीनंतर तिचेच अनुदान केले : कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे वस्तूंच्या रूपात आणि निम्मे रोख. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल न करण्याची मर्यादा आहे. म्हणजे १८५५ मध्ये उठवलेले बंधन दामदुपटीच्याच मापात परत आले, आणि या वेळी ऋणकोचा धर्म न विचारता.

पण या कायद्याच्या कक्षेत सगळे येत नाही. भातकापणी आटोपली की अनेक कातकरी कुटुंबे बयाणा, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन शहापूर, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर जातात. बयाण्यावर व्याज लावलेले नसते, त्यामुळे व्याजाची कोणतीही मर्यादा, शास्त्राची असो की विधिमंडळाची, त्याला लागत नाही. पावसाळ्याआधी हिशेब होतो. आजारपणाचे खाडे, अवकाळी पावसात भिजलेल्या कच्च्या विटा, मधल्या बाजाराचा खर्च हे सारे मजुराच्या नावे पडले, तर अंगावर उरलेली रक्कम पुढल्या हंगामाकडे सरकते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हे सक्तीचे काम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे अशा बयाण्याची तक्रार सावकारीच्या निबंधकाकडे जात नाही. ती १९७६ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यापुढे न्यावी लागते.